सातचा भोंगा: मोहित्यांच्या वडगावानं टीव्ही-मोबाइल बंद केले त्याची गोष्ट

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे तीन हजारांच्या आसपास वस्तीचं गाव आहे. १४ ऑगस्ट २०२२ ला तिथे ग्रामसभा भरली आणि ठरलं की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, त्यासरशी गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद होतील, आणि साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत ते बंदच राहतील. दुसऱ्या दिवशी, म्हणजे स्वातंत्र्यदिनापासूनच, अंमल सुरू झाला. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकारानं झालेल्या या निर्णयाची बातमी आधी राज्यात, मग देशात आणि थोड्याच दिवसांत परदेशी वाहिन्यांवरही गेली.

लोकांच्या लक्षात राहिला तो भोंगा. अभ्यासावी अशी गोष्ट मात्र भोंगा बसवण्याच्या आधी घडली: मोठ्यांनी स्वतःचा दीड तास सोडायचं कबूल केलं. मुलांच्या स्क्रीनटाइमवर आपल्याकडे जे बोललं जातं ते जवळजवळ सगळं मुलांना उद्देशून असतं. ‘ठेव तो फोन’ म्हणणाऱ्याच्या हातात फोन असतोच. एकट्या मुलाला घरात फोनपासून लांब ठेवणं फार अवघड आहे, अख्ख्या घरानं एकाच वेळी लांब राहणं त्यापेक्षा पुष्कळ सोपं आहे, हे माझं मत वडगावकडे बघून पक्कं झालं.

फोन घरात कसा आला

कडेगावचा हा पट्टा एके काळी दुष्काळी. ताकारी आणि टेंभू उपसा योजनांचं पाणी आलं तसा ऊस वाढला, तालुक्यातच वांगीला सोनहिरा साखर कारखाना उभा राहिला. वडगावातही शेती करणारी आणि साखर कारखान्यांत कामाला जाणारी माणसं जास्त. हातात थोडा पैसा आला, घरं पक्की झाली, टीव्ही आले. पण स्मार्टफोन घरोघरी नेला तो कोरोनानं, आणि तो शाळेच्या नावानं नेला.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेनं ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावानं अभ्यासमाला सुरू केली. रोज शिक्षकांकडून पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर दुवे यायचे, ते उघडून मुलानं व्हिडिओ बघायचा, स्वाध्याय सोडवायचा आणि वहीचा फोटो काढून परत पाठवायचा. हेतू चांगलाच होता आणि त्या काळात दुसरा मार्गही नव्हता. शिक्षकांनी जिवाचं रान केलं. पण त्यासाठी फोन लागायचा, आणि नसेल तर घ्यावा लागायचा. ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२० मध्ये ६१.८ आणि २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेलं. हे ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची मोजदाद करणाऱ्या ‘असर’ पाहणीचे आकडे आहेत. तीन वर्षांत जवळपास दुप्पट. शेळी विकून, सोसायटीकडून उचल घेऊन फोन घेतलेली घरं या भागात कुणालाही दाखवता येतील.

पुढे शाळा मधूनमधून उघडत-मिटत राहिल्या आणि अखंड शैक्षणिक वर्ष मिळालं ते जून २०२२ पासून. वर्गात मुलं परत आली तेव्हा शिक्षकांना जे दिसलं तेच वडगावच्या निर्णयाचं मूळ आहे. मुलं सुस्तावली होती. लिहायला-वाचायला कंटाळत होती. शाळेला येण्याआधी आणि शाळा सुटल्यावर फोनमध्येच असायची. ही तक्रार एकट्या वडगावची नव्हती, त्या पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत गेलात तरी हेच ऐकायला मिळालं असतं. वडगावातल्या शिक्षकांनी ती गावापुढे मांडली आणि गावानं ती आपली मानली, एवढा फरक.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. फोन हातात देणारे मोठेच होते. दोन वर्षं ‘फोन घेऊन बस’ असं सांगायचं आणि तिसऱ्या वर्षी त्याच मुलाला ‘फोनचं वेड लागलंय’ म्हणून ओरडायचं, यात मुलाला अन्याय दिसतो, आणि तो आहेच. म्हणून मला ‘व्यसनी पिढी’ वगैरे शब्द आवडत नाहीत. सवय घरानं लावली असेल तर ती सोडायलाही घरालाच बसावं लागेल.

आधी बायकांची बैठक

निर्णय झाला तो सरळ ग्रामसभेत हात वर करून झाला असं वाटण्याचा संभव आहे. तसं नव्हतं. पंचायतीनं विषय पहिल्यांदा काढला तेव्हा पुरुष हसले, मग तिनं गावातल्या बायकांना बोलावलं. आपलाही टीव्ही आणि फोन जास्त होतो हे त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं आणि काही वेळ अख्ख्या गावानंच हे बंद ठेवावं, याला होकार दिला. मग पुन्हा बैठक झाली आणि देवळावर भोंगा बसवायचं ठरलं.

सात ते साडेआठ म्हणजे काय हे मराठी घरात वेगळं सांगायला नको. मालिकांची हीच वेळ. दिवसभर रानात राबून, धारा काढून, चूल-भांडी करून बाईला जो अर्धा-पाऊण तास स्वतःचा मिळतो तो बहुतेक वेळा याच वेळात असतो. तो सोडायला ती तयार झाली. ‘डिजिटल डिटॉक्स’ म्हणून या गावाचं कौतुक करताना किती जणांनी ही किंमत लक्षात घेतली? प्रयोगाचा पहिला खर्च बायकांनी उचलला आणि म्हणूनच नंतर कुणाला ‘आम्हाला कोण सांगणार’ म्हणायला जागा उरली नाही. क्रम उलटा असता, म्हणजे पुरुषांच्या सभेत ठराव होऊन तो घरी येऊन सांगितला असता, तर महिनाभरही टिकला नसता असं मला वाटतं.

अंमलबजावणी पहिल्या दिवसापासून गुळगुळीत झाली नाही. भोंगा झाला तरी टीव्ही चालूच, असं सुरुवातीला व्हायचं. पंचायतीचे कर्मचारी आणि गावकऱ्यांचे गट गल्लीगल्लीतून फिरून बंद करा, बंद करा म्हणून सांगायचे. आशाताई, अंगणवाडीसेविका, निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन समजावायचे. यातली निवृत्त गुरुजींची योजना मला फार शहाणपणाची वाटते. गावातल्या चाळिशीच्या बापाला ज्या मास्तरांनी बाराखडी शिकवली ते दारात उभे राहिले तर तो रिमोटकडे हात नेतोच.

या पद्धतीला पूर्वपीठिका आहे. २०००-०१ मध्ये राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. तेव्हाचे ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील याच जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. त्या अभियानानं सांगली-साताऱ्याकडच्या गावांना एक गोष्ट शिकवली: घराच्या आतली वाटणारी सवय गाव मिळून बदलू शकतं. उघड्यावर बसणं ही ज्याची त्याची खासगी बाब मानली जायची, तिच्यासाठी गावं एकत्र आली. वडगावनं स्वच्छतेची बक्षिसं मिळवलेली आहेत, स्वातंत्र्यसैनिकांचा वारसाही गावाला आहे, आणि इंग्रजांविरुद्धच्या लढ्यात उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचं कुंडल शेजारच्या पलूस तालुक्यातलंच. भोंगा ज्या दिवशी वाजला त्या दिवशी गावाला एकत्र वागण्याची सवय आधीपासून होती. ती नसलेल्या गावानं नुसता भोंगा आणून बसवला तर तो काही दिवसांनी कुणी ऐकणार नाही.

स्वच्छता अभियानाची एक वाईट आठवणही आहे. पहाटे शिट्ट्या वाजवत फिरणारी गुड मॉर्निंग पथकं लोकांना लाजवायची, कधी फोटो काढायची. म्हाताऱ्या बायाबापड्यांची त्यात फार विटंबना झाली. स्क्रीनच्या बाबतीत तो प्रकार येऊ द्यायचा नसेल तर दारावर जाणाऱ्याच्या हातात शिट्टी आणि कॅमेरा नको.

दोन खोल्यांतला दीड तास

हा उपाय काम का करतो ते घराचा नकाशा डोळ्यांपुढे आणल्याशिवाय कळत नाही. या भागातलं साधं घर म्हणजे पुढे सोपा, म्हणजे बसाउठायची खोली, मागे स्वयंपाकघर, फार तर कडेला एक खोली. अभ्यासाची वेगळी खोली नसते. टीव्ही सोप्यात, भिंतीला. मूल अभ्यासाला बसतं तेही सोप्यातच, टीव्हीकडे पाठ करून. आजी टीव्ही बघते, बाप खाटेवर पडून फोनवर काहीतरी बघतो आणि त्याचा आवाज चालू असतो. मुलाची पाठ टीव्हीकडे असली तरी कान तिकडेच असतात. दर दोन मिनिटांनी मान वळते. आई स्वयंपाकघरातून ओरडते, ‘लिहितोयस का?’ आणि मूल म्हणतं, ‘हो’.

अशा घरात ‘मुलाला शिस्त नाही’ हे निदान चुकीचं आहे. आवाज आणि हलती चित्रं समोर असताना लक्ष तिकडे जाणं हा मेंदूचा स्वभाव आहे, मोठ्यांचंही जातंच. मुलानं स्वतःच्या निग्रहानं रोज दीड तास त्याला तोंड द्यायचं, अशी अपेक्षा आपण करतो. भोंग्यानं ती अपेक्षाच काढून टाकली. सोप्यातला टीव्ही गप्प झाला, बापाच्या हातातला फोन चार्जिंगला गेला, आणि शेजारच्या घरातूनही मालिकेचं शीर्षकगीत ऐकू येईनासं झालं. ही शेवटची गोष्ट लहान नाही. वाडीवस्तीत भिंतीला भिंत लागून असते. एका घरानं बंद केलं आणि पलीकडे चालू असलं तर मूल पलीकडे जातं.

मुलाच्या बाजूनं आणखी एक हिशेब असतो. आपण फोन ठेवला आणि मित्रांचा खेळ चालू राहिला, गटावर काही घडलं आणि आपल्याला कळलं नाही, ही धाकधूक अकरा-बारा वर्षांनंतर फार तीव्र होते. सगळ्यांचे फोन एकाच वेळी बंद असले की मागे राहण्याची भीतीच उरत नाही. म्हणून सातची वेळ सगळ्यांना एकच असण्याला अर्थ आहे. प्रत्येक घरानं सोयीनं दीड तास निवडला असता तर एकूण तास तेवढेच भरले असते, पण ही धाकधूक तशीच राहिली असती.

गावातल्या एका आईनं वार्ताहरांना सांगितलं होतं की आता नवरा मुलांचा अभ्यास घेतो आणि मला स्वयंपाकघरात शांतपणे काम करता येतं. हे वाक्य अहवालांत वाया जातं, पण मला ते सगळ्यांत बोलकं वाटतं. मुलावर लक्ष ठेवायचं काम त्या घरात आधी एकट्या आईचं होतं. दीड तासात ते दोघांचं झालं.

मनाच्या आरोग्याचं काय

वडगावनं हा निर्णय अभ्यासासाठी घेतला. मुलांच्या मनःस्वास्थ्याचा फायदा हा त्यातून आपण काढलेला अर्थ आहे, म्हणून तो तपासून घ्यायला हवा. गावातून जे सांगितलं गेलं ते असं: मुलं अभ्यासाला बसतात, घरात बोलणं होतं, मोठी माणसंही एकमेकांशी बोलतात. हे गावकऱ्यांचं सांगणं आहे, मोजमाप नाही. मोजमाप हवं असेल तर दुसरीकडे बघावं लागतं, आणि तिथलं चित्र गुंतागुंतीचं आहे.

२०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांच्या माहितीवर झालेल्या एका गाजलेल्या विश्लेषणात असं निघालं की मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग स्क्रीनच्या वापराशी जोडता येतो. हा आकडा पुढे करून ‘स्क्रीननं काही होत नाही’ म्हणणारे आहेत. पण तो सगळ्या प्रकारचा वापर आणि सगळ्या मुलांची सरासरी एकत्र घेऊन काढलेला आहे. गृहपाठाचा व्हिडिओ आणि रात्री दोन वाजता चाललेली रील्सची रांग यांची बेरीज केली की दोन्हीचा अर्थ जातो. आधीच खचलेल्या मुलावर काय परिणाम होतो, हेही सरासरीतून दिसत नाही.

वडगावच्या दृष्टीनं जास्त कामाचा आहे तो डेन्मार्कमधला प्रयोग, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला. ८९ कुटुंबं, त्यांतली १८१ मुलं. निम्म्या कुटुंबांनी दोन आठवड्यांसाठी मनोरंजनाचा स्क्रीनटाइम माणशी आठवड्याला तीन तासांवर आणला आणि आपले स्मार्टफोन, टॅबलेट संशोधकांच्या स्वाधीन केले. यात आईबापही होते. दोन आठवड्यांनी या घरांतल्या मुलांच्या वागण्यातल्या आणि भावनिक अडचणी दुसऱ्या गटाच्या मानानं कमी झाल्या होत्या. विशेष सुधारणा आतल्या आत कुढणं, समवयस्कांशी न पटणं अशा गोष्टींत दिसली, आणि दुसऱ्याला मदत करण्याची वृत्ती वाढलेली दिसली. दोन आठवड्यांचा प्रयोग म्हणजे फार थोडा काळ, आणि आपल्या मुलात काय बदललं हे आईबापांनीच सांगायचं होतं, तेव्हा त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण घर मिळून करण्याचा उपाय या प्रयोगात मोजला गेला.

त्याच्या उलट बाजूला ब्रिटनमधला अभ्यास ठेवा. ३० शाळा, बारा ते पंधरा वयाचे १,२२७ विद्यार्थी. फोनवर कडक बंदी असलेल्या शाळांतल्या मुलांचं मनःस्वास्थ्य सवलत देणाऱ्या शाळांपेक्षा चांगलं आढळलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये हे निष्कर्ष आले तेव्हा बंदीवाल्यांची निराशा झाली. कारण मात्र सरळ आहे. शाळेत वाचलेला वेळ घरी भरून निघाला, दिवसाचा एकूण वापर फारसा कमी झालाच नाही. आणि त्याच अभ्यासात, जी मुलं एकूण जास्त वेळ फोन आणि समाजमाध्यमांवर होती त्यांचं मनःस्वास्थ्य, झोप आणि वर्गातलं वागणं कमी चांगलं होतं. शाळेच्या दारात संपणारा नियम अपुरा पडतो तो घर त्यात नसतं म्हणून.

बान्सीचा ठराव

वडगावनंतर तीन महिन्यांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामसभेनं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी करणारा ठराव केला. मोडणाऱ्यांना दंडाचीही भाषा होती. काळजी दोन्ही गावांची एकच, आणि बान्सीच्या गावकऱ्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. पण आराखडा उलटा आहे. वडगावात सगळ्या वयांना दीड तास, बान्सीत एका वयाला चोवीस तास.

सतरा वर्षांच्या मुलीला अकरावी-बारावीच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा असतो, शिष्यवृत्तीचा संदेश यायचा असतो, तालुक्याच्या कॉलेजातून परतताना एसटी चुकली तर घरी कळवायचं असतं. तिच्या हातातून फोन काढला तर आधी तिचंच नुकसान होतं, आणि अनेक घरांत मुलाला सूट मिळून मुलीवरच बंदी टिकते, हे आपण सगळे जाणतो. शिवाय चोवीस तासांची बंदी पाळली जातेय का हे बघायला पाळत ठेवावी लागते. दीड तासाला भोंगा पुरतो.

जपानमधल्या आइची प्रांतातल्या तोयोआके शहरानं १ ऑक्टोबर २०२५ पासून दिवसाला दोन तासांची मर्यादा सुचवणारा नियम आणला. काम आणि अभ्यास सोडून जो वापर होतो त्यापुरताच, दंड नाही, आणि मोठ्यांसकट सगळ्यांना लागू. सत्तर हजारांच्या आसपास लोकसंख्येचं शहर. तिथेही आधी टीका झाली. मोठ्यांना धरून चालणारा आणि दंड नसलेला हा मार्ग वडगावच्या जास्त जवळचा आहे, आणि मला तोच बरोबर वाटतो.

भोंगा जिथे पोचत नाही

साडेआठला दुसरा भोंगा होतो आणि मग रात्र सुरू होते. स्क्रीन आणि मनःस्वास्थ्य यांच्यातला सगळ्यांत भक्कम दुवा झोपेचा आहे. सव्वा लाखांवर मुलांची माहिती एकत्र करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात, झोपायच्या वेळी फोन-टॅबलेट वापरणाऱ्या मुलांत झोप अपुरी पडण्याची शक्यता दुपटीहून जास्त आढळली. अपुरी झोप आली की चिडचिड, उदासी, सकाळी शाळा नको वाटणं हे मागोमाग येतं. संध्याकाळचा दीड तास रात्री अकरा ते एकमध्ये वसूल होत असेल तर मिळवलं काय?

कुठल्या गावाला किंवा सोसायटीला वडगावचा कित्ता गिरवायचा असेल तर माझ्या मते दुसरी वेळ रात्रीची धरावी. घरातले सगळे फोन रात्री दहाला सोप्यात एका जागी चार्जिंगला, आईबापांचेही. यात शेतकऱ्याच्या घरात खरी अडचण येते. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत असते आणि बऱ्याच जणांनी पंपाच्या मोटारीला फोनवरून चालू-बंद करता येणारा मोबाइल स्टार्टर बसवलेला असतो. रात्री पाणी द्यायची बारी लागली की बापाला फोन लागतोच. मग तेवढा त्याचा फोन त्याच्याजवळ आणि बाकीचे बाहेर, असं मुलांसमोर स्पष्ट सांगून ठरवावं. कारण सांगितलेली सूट मुलांना पटते. न सांगता घेतलेली सूट मात्र ती पक्की लक्षात ठेवतात.

शहरात सातची वेळ जमणारच नाही. पुण्या-मुंबईत कामावरून परत यायलाच आठ-साडेआठ होतात, कल्याण-डोंबिवलीकडे त्याहून उशीर. तिथे जेवणाची वेळ धरावी. सोसायटीत भोंगा वाजवायची गरज नाही, एका मजल्यावरच्या चार घरांनी एकमेकांना शब्द दिला तरी मुलांची ‘सगळ्यांकडे चालू असतं’ ही तक्रार संपते. आयर्लंडमधल्या ग्रेस्टोन्स गावी २०२३ मध्ये आठ प्राथमिक शाळांच्या पालकांनी असाच शब्द एकमेकांना दिला: माध्यमिक शाळेत जाईपर्यंत स्मार्टफोन द्यायचा नाही. शासनाचा आदेश नाही, दंड नाही.

आणि फोन बंद झाल्यावर मुलांनी करायचं काय, हे आधी ठरलेलं असावं. वडगावात उत्तर तयार होतं, अभ्यास. पण रोज दीड तास फक्त अभ्यासच, असं झालं तर मूल भोंग्याची वाट बघेल ती दुसऱ्या भोंग्याची. पारावर कबड्डीला जागा, ग्रंथालयाचं कपाट संध्याकाळी उघडं, आजोबांबरोबर पत्त्यांचा डाव, एवढ्याला खर्च काही नाही. खेळायला कुणी आणि बोलायला कुणी मिळालं की मनाला बरं वाटतं, हे सांगायला अभ्यास लागत नाही.

‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे फोन आता मुलांच्या आयुष्यातून जाणार नाही, आणि त्यावर शिकणारी मुलंही निम्म्याहून जास्त आहेत. त्यामुळे मला काळजी वाटते ती एका वेगळ्या मुलाची. ज्याचा फोन हा आजार नसून लपायची जागा आहे. शाळेत छळ होतोय, घरात बाप दारू पिऊन येतो, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, म्हणून जे मूल फोनमध्ये शिरलं आहे त्याचा फोन बंद केला तर त्याची जागा गेली आणि दुःख तिथेच राहिलं.

वडगावच्या पद्धतीचा एक फायदा, ज्याची कुठे चर्चा झाली नाही, तो इथे आहे. सगळे फोन चालू असताना हे मूल इतरांसारखंच दिसतं, सगळेच खाली मान घालून बसलेले. सगळे बंद झाले की बाकीची मुलं पंधरा दिवसांत भांडायला, खेळायला, बडबडायला लागतात. हे मूल तसंच भिंतीकडे तोंड करून बसतं. जेवण कमी झालेलं असतं, झोप बिघडलेली असते, पूर्वी आवडायचं ते आवडेनासं झालेलं असतं. घरोघर फिरणाऱ्या आशाताईला आणि निवृत्त गुरुजींना हे दिसू शकतं, जर काय बघायचं ते त्यांना आधी सांगितलेलं असेल. अशा घरात फोन बंद करा म्हणून परत परत सांगू नये. आधी मुलाशी एकट्यानं, घाई न करता बोलावं, जगणं नकोसं झालंय का हे सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार मनात रुजत नाही, उलट मूल मोकळं होतं. मग आईबापांना घेऊन ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जावं. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, फुकट, मराठीतूनही बोलता येतं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर भोंग्याच्या वेळेखाली तो मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला हवा, आणि तो लावायचा असेल तर सात ते साडेआठमध्येही फोन चालू करायला कुणाची परवानगी लागता कामा नये.